आभाळाची चाळण

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपल्याकडे म्हणतात. आभाळाला भोक पाडणारा माणूस प्रत्यक्ष भेटलेला नसतो, म्हणून म्हणतात. मला भेटला आहे. माझ्या बायकोचे मामा, म्हणजे नात्याने माझे मामेसासरे, यांनी अठरा वर्षं आभाळाला भोकं पाडली, आणि तीही मापात. एकूण किती पाडली असतील याचा हिशोब मी एकदा करायला बसलो होतो, पण मामा म्हणाले, "जावईबापू, मोजायचं ते भोक किती मोठं ते. किती पाडली ते मोजतोय तो कामचुकार." त्यानंतर मी तो नाद सोडला.

हे ऐकून मामा कोणी मोठे खगोलशास्त्रज्ञ असतील असं वाटेल. तसं काही नाही. मामा शिकले आयटीआयपर्यंत, हात बसला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर, आणि मामींच्या भावाने कागद केले म्हणून ते अमेरिकेत आले. आम्ही राहतो त्या बेलव्ह्यूत दर तिसरा माणूस कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतो. त्या गर्दीत मामा एकटेच असे, की संध्याकाळी घरी आल्यावर ज्यांच्या कपड्यांना तेलाचा वास यायचा. तळ्यापलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये ते ॲल्युमिनियमच्या गोल पत्र्यांना ड्रिलिंग करत. दूर दक्षिणेला वाळवंटातल्या डोंगरावर एक मोठी दुर्बीण आहे, तिच्या पोटात हे पत्रे बसायचे. एका पत्र्याला सुमारे हजार भोकं. आभाळाच्या ज्या तुकड्याकडे दुर्बीण बघणार, त्यात जिथे जिथे गॅलक्सी, तिथे तिथे पत्र्याला भोक. प्रत्येक भोकात काचेची एक बारीक तार हाताने खोवायची, म्हणजे त्या तारेतून तेवढ्या एकाच गॅलक्सीचा उजेड खाली उतरतो. तो उजेड फोडून त्याचे रंग वेगळे केले, की ती गॅलक्सी किती लांब आहे, तिचं वय काय, तिच्यात अजून नवे तारे जन्माला येतात की नाही, हे सगळं कळतं. भोक केसभर सरकलं तर तारेत नुसता काळोख शिरतो आणि शास्त्रज्ञ बिचारे काळोखाचा अभ्यास करत बसतात. गॅलक्सीला मराठीत दीर्घिका म्हणतात हे मी पुणेकर या नात्याने मामांना सांगितलं होतं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, मान डोलावली आणि ते गॅलक्सीवरच राहिले.

मामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, व्हर्निअर असे. दोन जबड्यांत वस्तू धरून जाडी सांगणारं ते लोखंडी हत्यार त्यांनी कोल्हापूरहून येताना सामानात आणलं होतं, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याच्या जबड्यात गेल्याशिवाय खरी आहे असं त्यांना वाटत नसे. लग्नानंतर माझी आई पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा तिने मामा-मामींना पुरणपोळीला बोलावलं. मामांनी पोळी तोंडात घालण्याआधी तिची कड व्हर्निअरमध्ये धरली, मग मध्यभाग धरला, आणि आईकडे आदराने बघत म्हणाले, "विहीणबाई, कडंला न् मधी फरक नाय. हात काय हाय तुमचा!" माझ्या आईच्या स्वयंपाकाचं आयुष्यभर पुष्कळ कौतुक झालं आहे, पण ती आजही पुण्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगते. उलट आम्ही घर घेतलं तेव्हा मामांनी सगळ्या दारांच्या फटी तपासल्या, एक दार दोन सूत खाली आलंय म्हणून जाहीर केलं आणि वास्तुशांतीच्या दिवशी, गुरुजी मंत्र म्हणत असताना, ते उतरवून परत बसवलं. माझ्या नोकरीबद्दल त्यांचं मत फार चांगलं नव्हतं. "तुमचं काम हवंतलं," ते म्हणत. "चुकलं तर परत टाइप करताय. आमचं भोक एकदा पडलं की पडलं. बुजवायचं म्हटलं तर नवा पत्रा."

गॅलक्सींबद्दल मामांना जे ज्ञान होतं ते त्यांनी वर्कशॉपमध्ये येणाऱ्या एका तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ मुलीकडून मिळवलं होतं. पत्र्यांवर कुठे भोकं पाडायची याच्या याद्या ती आणून देई. मामा तिला डॉक्टरीणबाई म्हणत आणि तिच्याकडून कळलेलं सगळं रविवारी आमच्या घरी चहाबरोबर वाटून टाकत. गॅलक्सीत वायू असतो तोवर तिच्यात नवे तारे होत राहतात, ती निळसर दिसते, वायू संपला की नवे तारे होणं थांबतं आणि ती हळूहळू लाल, म्हातारी होते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मामींनी भाजी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे गॅस संपला की चूल बंद, एवढंच ना?" मामांनी हे सोमवारी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं असं मामा छाती फुगवून सांगत. मोठी गॅलक्सी शेजारच्या लहानीला ओढून घेते, दोन जवळ आल्या की शेवटी एकच होऊन जातात, हे ऐकून मात्र मामा बरेच दिवस अस्वस्थ होते. आमच्या भागात एका मराठी मंडळाची दोन आणि दोनांची तीन होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गॅलक्सींना जमतं ते आपल्या लोकांना का जमत नाही, असा प्रश्न त्यांनी वार्षिक सभेत विचारला आणि अध्यक्षांनी तो इतिवृत्तातून काढून टाकला.

प्रत्येक पत्र्यावर काही भोकं अशीही असत की त्यांच्यासमोर आभाळात काहीच नसे. सुरुवातीला मामांना हा शुद्ध आचरटपणा वाटला. रिकाम्या जागेला भोक कशाला, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं. तिने समजावलं, की रिकामं आभाळसुद्धा किंचित उजळ असतं. तो उजेड किती ते आधी मोजायचं आणि प्रत्येक गॅलक्सीच्या उजेडातून वजा करायचं, तेव्हा कुठे गॅलक्सीचं खरं रूप कळतं. मामांना हे इतकं पटलं, की मंडळाच्या मीटिंगमध्ये ते तेव्हापासून एक शब्दही बोलेनासे झाले. विचारलं तर म्हणत, "मी रिकामं भोक हाय. तुम्ही बोला, मी वजा करतोय."

या पत्र्यांचं एक दुर्दैव असं, की ते एकदाच वापरायचे. आभाळाचा तेवढा तुकडा बघून झाला की पत्रा निकामी. मग ते शाळांना वगैरे वाटून टाकत, आणि त्यातले काही, रीतसर विचारून, मामा घरी आणत. बेलव्ह्यूतल्या सगळ्या मराठी घरांतून हे पत्रे पोचले होते. कोणी भिंतीवर लावला, कोणी त्याचं बाहेरच्या अंगणातलं टेबल केलं, मामी त्यावर कुरडया वाळत घालत. पण पत्र्याचा खरा उद्धार झाला तो मंडळाच्या गणपतीत. चारशे माणसांना उकडीचे मोदक करायचे तर एवढी मोठी चाळण आणायची कुठून, असा प्रश्न पडला होता, आणि मामींचं लक्ष कुरडयांखालच्या पत्र्याकडे गेलं. पत्रा मंडळाच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यापेक्षा चार बोटं मोठा निघाला. लोक पातेल्याला चाळण बसवतात. मामांनी पत्र्याला ड्रिलखेरीज कुठलंही हत्यार लावायचं नाकारलं आणि चाळणीच्या मापाचं पातेलं वेल्डिंग करून बनवून घेतलं. पुढची किती तरी वर्षं आमच्या गणपतीचे मोदक हजार गॅलक्सींच्या भोकांतून येणाऱ्या वाफेवर उकडले, आणि एकही कधी फुटला नाही.

आणि मग वर्कशॉपमध्ये बातमी आली, की आता पत्रे नकोत. काचेची प्रत्येक तार जागेवर नेऊन धरणारे बारीक यांत्रिक हात तयार झाले होते. एक गॅलक्सी बघून झाली की हात आपला आपण दुसरीकडे वळणार. ड्रिल नको, भोक नको, मामा नकोत. मी माझ्या व्यवसायाला साजेशा उत्साहाने हे तंत्रज्ञान किती सुंदर आहे ते त्यांना समजावून सांगू लागलो. मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांगलंच झालं की. माणसानं किती भोकं पाडायची." मग खिशातलं व्हर्निअर काढून त्यांनी माझ्या बिस्किटाची जाडी मोजली आणि काहीही न सांगता ते परत खिशात ठेवलं. मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

शेवटचा पत्रा गणपतीच्या आदल्या आठवड्यात तयार झाला. सोमवारी तो कुरिअरने डोंगरावर जायचा होता. मामा उद्यमनगरातले, हत्याराची पूजा केल्याशिवाय काम सुरू करू नये आणि संपवूही नये, ही तिथली शिकवण. त्यांनी वर्कशॉपमधून परवानगी काढून पत्रा शुक्रवारी घरी आणला, कोणाला काही सांगितलं नाही, आणि शनिवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये मूर्तीशेजारी तो टेकवून ठेवला. त्याला हळद-कुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं आणि ते खुर्च्या लावायला निघून गेले. मामींना तरी सांगायचं होतं. पण साठी उलटलेल्या माणसाने एका पत्र्यासाठी डोळ्यांत पाणी आणायचं, हे बायकोला सांगायचं कसं, या संकोचात ते राहिले. इकडे स्वयंपाकघरात मोदकांची एक फेरी उरकली होती, दुसरी चाळण असती तर बरं झालं असतं असं चाललं होतं, आणि मामींना मूर्तीशेजारी पत्रा दिसला. आपल्या माणसाला न सांगता सगळं सुचतं, असं म्हणत त्यांनी तो उचलला, धुतला, तुपाचा हात फिरवला आणि कापड संपलं होतं म्हणून मोदक सरळ पत्र्यावरच मांडले.

आरतीला मामा मूर्तीशेजारी आले. पत्रा नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग प्रसादाच्या ताटात पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि चालू आरतीत त्यांच्या टाळ्या थांबल्या. मामींना जेव्हा कळलं की आपण ज्यावर मोदक उकडले तो डोंगरावर जायचा कोरा पत्रा होता, तेव्हा त्यांनी हातातला मोदक परत ताटात ठेवला. मामा त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोदक कसे झालेत?" चांगले झाले होते.

रविवारी सकाळी मी त्यांना गाडीतून वर्कशॉपला घेऊन गेलो. पत्रा वाफेने वाकला होता का ते त्यांनी तिथल्या मोजणीच्या यंत्रावर तपासलं. नव्हता. पण भोकाभोकांत तूप आणि सुकलेली उकड. मामांनी पत्र्याच्या मधोमध पेन्सिलने एक रेघ ओढली, डावी बाजू स्वतः घेतली, उजवी मला दिली. ऊन पाण्याने धुवायचं, लाकडी टोकाने उकड काढायची, मग भोकाच्या मापाची पिन घालून बघायची, की पुढचं भोक. मी ओळीने जात होतो. मामांच्या अठरा वर्षांत एकाही भोकाची तक्रार आलेली नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्या वेळी तरी मी मन लावून काम करत होतो. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. कुठला तरी सर्व्हर बंद पडला होता. रविवार असला तरी माझ्या हवेतल्या कामाला माझ्यावाचून चालेना. मी बाहेर जाऊन अर्धा तास बोललो. परत आलो तेव्हा मी कुठल्या भोकापर्यंत आलो होतो ते मला आठवेना. अंदाजाने एक ओळ धरली आणि पुढे गेलो. शेवटी मामांनी विचारलं, "तुमची बाजू झाली?" मी म्हणालो, "झाली."

मग मामांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी म्हणालो, कशाला सांगताय, कोणाला कळणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न मी पुन्हा आयुष्यात कोणाला विचारणार नाही. त्यांनी आपल्या इंग्रजीत तिला सगळं सांगितलं: देव, मोदक, वाफ, तूप. ती आधी खूप वेळ हसली. मग तिने विचारलं, "भोकं तपासलीत?" मामा म्हणाले, "एकेक तपासलंय." ती म्हणाली, "तुम्ही तपासलंय म्हणजे झालं. पाठवा." पत्रा सोमवारी गेला, आणि मामांचं काम संपलं.

दोन-तीन आठवड्यांनी तिची ईमेल आली. पत्रा वापरून झाला, काम छान झालं, फक्त एका भोकात तार जाईना; जोर केला असता तर तारेचं टोक तुटलं असतं आणि वेळ नव्हता, म्हणून ती एक गॅलक्सी सोडून द्यावी लागली. भोकात पांढरं काही तरी घट्ट बसलं आहे, ते काय असावं? मामांनी उत्तरात एकच शब्द लिहिला, "राइस." आणि खाली आणखी एक ओळ, "ते भोक माझ्या हातून राहिलं, माफ करा." ईमेल पाठवताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. राहिलेलं भोक कोणत्या बाजूचं असावं हे मला पक्कं माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण नेमका त्याच वेळी मामींनी चहा आणला आणि मी चहा प्यायलो.

मामा निवृत्त झाले. वर्षभर ते घरातल्या प्रत्येक गोष्टीची जाडी मोजत हिंडले. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी तो शेवटचा पत्रा त्यांना भेट म्हणून पाठवला आणि सोबत चिठ्ठी दिली: राहिलेली गॅलक्सी आता नव्या यांत्रिक हातांनी बघून घेतली आहे, काळजी करू नका, तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. मामींनी ती माझ्या हातातून घेऊन एकदा स्वतः पाहिली. आपल्या दारातून कोणी न जेवता गेलं तर ही बाई तीन दिवस झोपत नसे. त्या हळूच म्हणाल्या, "सव्वाशे कोटी वर्षं चालत आला हो तो उजेड. आणि मी त्याला दारातनं परत पाठवला."

मामांनी पत्रा मांडीवर घेतला. ते भोक शोधायला त्यांना क्षणही लागला नाही. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "परत कुठं पाठवलास? हजार जण आले, हजार जण गेले. ह्या एकट्यालाच मोदक मिळाला."

मामी हसल्या आणि मग रडल्या, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात मामा-मामी ट्रॉयला, मिशिगनमध्ये, मुलीकडे कायमचे राहायला गेले. सामान आवरताना मामांनी पत्रे एकेकाला देऊन टाकले. मंडळातल्या प्रत्येकाचा त्या शेवटच्या पत्र्यावर डोळा होता, पण तो त्यांनी माझ्या हातात दिला. "जावईबापू, ह्यो तुमच्याकडं," एवढंच म्हणाले. घरी आणून मी तो नीट पाहिला. मधोमध पेन्सिलची रेघ तशीच होती, कोणी पुसली नव्हती. बुजलेलं भोक रेघेच्या उजव्या बाजूला होतं, माझ्या, दोन ओळींच्या मध्ये, जिथे मी फोन घ्यायला उठलो असणार. म्हणजे मामांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. ईमेल लिहितानाही, आणि बोट ठेवतानाही.

पत्रा आता आमच्या पश्चिमेच्या खिडकीत टांगलेला आहे. ऊन कलतं तेव्हा समोरच्या भिंतीवर उजेडाचे हजारभर ठिपके पडतात आणि एका ठिकाणी पडत नाही. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिने एकदा टूथपिक आणलं आणि म्हणाली, "बाबा, आय कॅन फिक्स इट." मी इतक्या जोरात नको म्हणालो, की ती दचकली. मग मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली, माझ्या फोनसकट. मामांना मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

दर गणपतीला मामांचा ट्रॉयहून फोन येतो. आवाज आता थोडा कापतो. तब्येत, पाऊस, मंडळाची आता किती झाली, हे सगळं विचारून होतं, आणि फोन ठेवण्याआधी ते विचारतात, "ते भोक मोकळं केलं नाही ना?"

"नाही मामा."

यंदा मी पुढे म्हणालो, "मामा, ते भोक माझ्या बाजूचं होतं."

मामा म्हणाले, "रेघ मीच ओढली होती की, जावईबापू. मोदक खाल्ले का?"